डॅशबोर्डचा दिवा लागतो ना?
रात्रीच्या ऊस वाहतुकीतील एक दुर्लक्षित बाब



या पानावर दरवेळी मी आपल्याशी लागणीविषयी, बेण्याविषयी, खोडव्याच्या व्यवस्थापनाविषयी बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. तो आहे ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरच्या दिव्याचा. 'ऊस विकास अधिकाऱ्याला आता बल्बाची काय पंचाईत पडली?' असे काहीजण म्हणतील. परंतु ऊस शेतात कितीही चांगला पिकला तरी तो वेळेवर गव्हाणीत पडेपर्यंत आपला नसतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही शेतकी खात्याचे लोक घसा कोरडा करून सांगतो, कारण तोडणीनंतर उसाचे वजनही घटते आणि साखरही उतरते. आणि तो ऊस फडातून यार्डात आणणारा ट्रॅक्टर बरेचदा आपल्यातल्याच कोणाचा तरी, वीस-पंचवीस वर्षे राबलेला असतो. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

गेल्या हंगामात घडलेली एक गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण ज्यांची गोष्ट आहे ते आपलेच सभासद आहेत आणि त्यांनीच मला 'लिहा साहेब, दुसऱ्याचं तरी वाचेल' असे सांगितले आहे. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो, तेवढे पुरे.

त्या रात्रीची हकीकत

जानेवारीचे दिवस होते. थंडी मी म्हणत होती. रात्री अडीचच्या सुमारास मी यार्डात फेरी मारीत असता गट ऑफिसातून फोन आला की, कॅनॉलच्या पुलाअलीकडे एक ट्रॅक्टर दोन भरल्या ट्रॉल्यांसह रस्त्यातच बंद पडला आहे. मी खात्याची जुनी डिझेल जीप काढून तिकडे गेलो. बघतो तो रेडिएटरमधून वाफेचा फुसफुस आवाज चाललेला, रंग करपल्याचा वास सुटलेला आणि ड्रायव्हर पोरगा घोंगडे पांघरून बांधावर डोके धरून बसलेला.

"काय झालं रे?"

"सायेब, गाडी वढंना झाली म्हणून गिअर टाकाय गेलो, तवर घर्र करून जागंवरच जाम झाली."

बॅटरी घेऊन बॉनेटखाली पाहिले. फॅनबेल्ट तुटून गायब. ज्या पट्ट्यावर पंखा फिरतो, त्यावरच पाण्याचा पंप आणि त्यावरच अल्टरनेटर. पट्टा गेला म्हणजे पाणी फिरायचे थांबले. पाणी थांबले म्हणजे इंजिन तापले. त्या तापात ते भरल्या लोडने मैल-दीड मैल चढावर ओढत राहिले आणि शेवटी जाम झाले.

"अरे, पण तापल्याचा काटा वर गेलेला दिसला नाही का तुला?"

पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "काटा दिसाय दिवा नको व्हय, सायेब? दसऱ्यापास्नं दिवा गेल्याला हाय. मालकांना दोनदा सांगितलं. मधनंमधनं मोबाईलची बॅटरी मारून बघत हुतो. पर दोन ट्राल्या मागं असल्यावर किती येळा खाली बघायचं? म्होरं बैलगाड्या चालल्याल्या." आणि मग जरा थांबून म्हणाला, "हेडलाईट जरा पिवळी पडल्यासारखी वाटली, पर म्हटलं धुकं असंल."

ती हेडलाईट धुक्यामुळे पिवळी पडली नव्हती. पट्टा तुटल्याबरोबर अल्टरनेटर थांबला होता आणि सारा भार एकट्या बॅटरीवर आला होता. हे सांगण्यासाठीच डॅशबोर्डवर एक लाल दिवा दिलेला असतो. पट्टा तुटला त्याच क्षणी तो पेटायला हवा होता. पण तो बल्बही गेलेला होता.

तासाभराने आबा मोटारसायकलवरून आले. आल्या आल्या पोरावर डाफरले, "डोळं मिटून चालवत हुतास काय रं? ह्यातला एक रुपाया बी मी सोसणार न्हाई. तुझ्या पगारातनं कापून घेईन!" पोरगा काही बोलला नाही. आणि खरे सांगतो, मीही काही बोललो नाही. कारण ज्या जीपमधून मी आलो होतो, तिच्या डॅशबोर्डचे दिवे दोन हंगाम बंद होते. माझ्या ड्रायव्हरनेही मला सांगितले होते आणि मीही 'बघू हंगाम संपल्यावर' म्हटले होते.

दोन्ही ट्रॉल्यांतला ऊस दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा ट्रॅक्टर जोडून यार्डात आणला. इंजिन उघडावे लागले. हेड उतरले, लायनर-पिस्टन बदलले. ऐन हंगामात सोळा दिवस ट्रॅक्टर गॅरेजात उभा. टोळी बसून ठेवता येत नाही म्हणून आबांनी भाड्याने दुसरी गाडी लावली. हे सगळे टाळू शकणारा बल्ब दुकानात विचाराल तर एका चहा-भज्याच्या किमतीत मिळतो.

दिवे दोन प्रकारचे

डॅशबोर्डवर दोन प्रकारचे दिवे असतात, आणि त्यांची गल्लत आपण नेहमी करतो.

पहिला प्रकार उजेडाच्या दिव्यांचा. ऑईल प्रेशर, पाण्याचे तापमान, बॅटरीचा अँपिअर मीटर, डिझेल ही जी घड्याळे आहेत त्यांच्या पाठीमागे किंवा कडेला लहान बल्ब असतात. रात्री काटा दिसावा एवढेच त्यांचे काम. तो गेला तरी घड्याळ चालूच असते. काटा खरे तेच सांगत असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

दुसरा प्रकार इशाऱ्याच्या दिव्यांचा. लाल रंगाचे, एक ऑईलचा व एक चार्जिंगचा. हे एरवी बंद असतात आणि बिघाड झाल्यावर पेटतात. इथेच खरी फसगत आहे. उजेडाचा दिवा गेला तर अंधार दिसतो, आपल्याला कळते. इशाऱ्याचा दिवा गेला तर काहीच कळत नाही. तो बंद असतो आणि आपण समजतो की सगळे ठीक आहे. गावच्या राखणदाराचा आवाज बसला आणि गाव म्हणाले की आज चोर आले नाहीत, तसाच हा प्रकार.

याला कंपनीने एक सोपा उपाय करून ठेवलेला आहे. चावी फिरवली आणि इंजिन अजून चालू केले नाही, त्या वेळी ऑईलचा व चार्जिंगचा असे दोन्ही लाल दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन चालू झाले की थोड्या सेकंदांत दोन्ही विझले पाहिजेत. चावी फिरवल्यावर जो दिवा लागत नाही, तो दिवा बिघडलेला आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही. पण आपल्यापैकी किती जण चावी फिरवून क्षणभर थांबतात? चावी आणि स्टार्टर एका दमात.

डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे. ते एकदा सुरू झाले की त्याला चालायला विजेची गरज नसते. ऑईल संपो, पाणी संपो, वायरिंग जळो, जुने डिझेल इंजिन आपण होऊन थांबत नाही. बंद करायचा नॉब ओढेपर्यंत किंवा जाम होईपर्यंत ते चालतच राहते. त्याला वेळीच थांबवणारा फक्त ड्रायव्हर आणि ड्रायव्हरला सांगणारा फक्त तो दिवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. पाणी सगळे उकळून गेले, तर तापमानाचा काटा कधीकधी उलट खाली येतो, कारण त्याचा शेंडा पाण्यात न राहता कोरडा पडतो. म्हणजे केव्हातरी एकदा बॅटरी मारून पाहण्याने भागत नाही. काटा वर चढत असतानाच नजरेला पडायला हवा.

चार्जिंगच्या दिव्याचे दुसरे काम

अल्टरनेटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा नुसता दाखवण्यापुरता नसतो. चावी फिरवल्यावर त्या बल्बातून जो थोडासा करंट जातो, त्यानेच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर धड असूनही चार्ज करीत नाही, किंवा इंजिन खूप रेस केल्यावरच करतो. मग आपण बॅटरी बदलतो, अल्टरनेटर सोडून नेतो, आणि दुखणे मात्र बल्बात असते. फार जुन्या डायनॅमोच्या गाड्यांना हे लागू नाही. डायनॅमो बल्बावाचूनही चार्ज करतो.

दिवे जातात कशाने?

बल्ब आपले आयुष्य संपवून जातो हे खरेच. पण ट्रॅक्टरमध्ये त्याची इतर कारणेही आहेत. उसाच्या फडातले खड्डे, सऱ्या, बांध यांच्या हादऱ्याने बल्बातली बारीक तार तुटते. धुण्याच्या पाण्याने आणि पावसाने होल्डर गंजतो. शेडमध्ये पाचटाच्या गंजीशेजारी ट्रॅक्टर लावला की उंदीर वायरीचे वेष्टण कुरतडतात. आणि बल्ब वारंवार उडत असतील तर मग बल्बाला दोष देऊ नका. इंजिन मध्यम रेसवर असताना बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून पहा. १२ व्होल्टच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत बल्ब घालीत राहणे म्हणजे फुटक्या पाटाला पाणी सोडणे. आणि तो जादा करंट बॅटरीही उकळवून टाकतो.

बल्ब काढण्याआधी दुखणे ओळखावे. ते असे:

एकच दिवा गेला असेल तर बहुधा तो बल्ब किंवा त्याचा होल्डर.

दिवे मिणमिणत असतील किंवा खड्ड्यात लुकलुकत असतील तर अर्थिंग ढिले किंवा गंजलेले. डॅशबोर्ड आपण हौसेने रंगवतो आणि स्क्रूच्या खाली रंगाचा थर बसतो. मग बल्बाला अर्थच मिळत नाही.

उजेडाचे सगळे दिवे एकदम गेले तर सगळे बल्ब एका रात्रीत मरत नसतात. फ्यूज, स्विच किंवा मुख्य वायर पहा.

या शेवटच्या बाबतीत एक विनंती. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या उजेडाची वायर आणि मागच्या टेललॅम्पची वायर एकाच स्विचवर, बरेचदा एकाच फ्यूजवर असते. ट्रॉलीची वायर हुकापाशी घासते, उघडी पडते, लोखंडाला लागते आणि फ्यूज उडतो. पुढे ड्रायव्हरला डॅशबोर्ड अंधारलेला दिसतो, आणि मागे ट्रॉलीचा लाल दिवाही गेलेला असतो हे त्याला माहीत नसते. तेव्हा चालत्या गाडीत डॅशबोर्ड एकाएकी अंधारला तर गाडी कडेला घ्या, खाली उतरा आणि आधी ट्रॉलीच्या मागे जाऊन पहा. रस्त्यावर उसाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला भिंतीसारखी असते. आपल्या भागात अशा भिंतीवर किती घरे फुटली आहेत ते मी लिहायला नको.

बल्ब बदलायचा कसा?

आबांचा ट्रॅक्टर गॅरेजात असतानाच एका रविवारी मी कारखान्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना बसवून घेतले आणि माझ्या जीपचे दिवे माझ्या हाताने बदलले. कृषी पदविकेला हे शिकवत नाहीत, पण तासाभरात झाले. कोणालाही जमेल. क्रम असा:

१. इंजिन बंद करून गार होऊ द्या. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा.

२. बॅटरीचे अर्थचे टोक सोडा. आजच्या बहुतेक सर्व गाड्यांत ते निगेटिव्ह असते. सोडताना अर्थ आधी, जोडताना अर्थ शेवटी. ही पायरी कोणी गाळू नये. ज्या जुन्या गाड्यांत अँपिअर मीटर आहे, तिथे त्याच्या जाड वायरींत चावी बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण करंट उभा असतो आणि बरेचदा मध्ये फ्यूजही नसतो. पान्हा चुकून टेकला तर डॅशबोर्डमागे होळी पेटते.

३. डॅशबोर्डचे स्क्रू सोडून पॅनेल अलगद पुढे घ्या. हिसका देऊ नका. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घाटणीच्या जुन्या ट्रॅक्टरांत तापमानाच्या घड्याळाला वायर नसते, केसासारखे पोकळ असलेली बारीक धातूची नळी थेट इंजिनात गेलेली असते. ती मुरडली किंवा तुटली की घड्याळ कायमचे गेले. ऑईल प्रेशरच्या घड्याळाला जर नळी असेल तर तिच्यात ऑईल असते. तीही ओढू नका. इंजिनाचे फेरे व तास दाखवणाऱ्या मीटरची केबल मागून हाताने आटे फिरवून सुटते.

४. कोणती वायर कुठली हे खूण करून ठेवा. मिस्त्रींनी मला वायरींना रंगीत दोरे बांधायला लावले. आजकाल मोबाईलवर आधी फोटो काढून ठेवला तरी चालते.

५. बल्बाचा होल्डर घड्याळाच्या पाठीत नुसता दाबून बसवलेला असतो. तो सरळ ओढून काढा. बल्ब पितळी बुडाचा व दोन कान असलेला असेल तर दाबून थोडा फिरवला की सुटतो. बूड नसलेला, नुसत्या काचेचा असेल तर सरळ ओढायचा, फिरवायचा नाही.

६. उजेडाकडे धरून पहा. तार तुटलेली किंवा काच काळी झाली असेल तर गेला. शंका असेल तर मल्टिमीटरने तपासा.

७. नवा बल्ब घालण्यापूर्वी होल्डरची आतली पट्टी आणि कडा बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. माझ्या जीपमध्ये चार दिव्यांपैकी दोन बल्ब चांगलेच होते. मेले होते ते होल्डर गंजल्याने. दोन हंगाम मी ज्यांना मेलेले समजत होतो ते नुसत्या घासण्याने पेटले.

८. बल्ब नेमका तसलाच आणा. जुना खिशात घालून दुकानात जा. त्यावर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. डॅशबोर्डचे बल्ब साधारण १ ते ४ वॅटचे असतात. उजेड जास्त पडावा म्हणून मोठ्या वॅटचा घालू नका, त्याच्या उष्णतेने प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. आणि व्होल्ट बघून घ्या. हमरस्त्यावरच्या दुकानांत ट्रकचे २४ व्होल्टचे बल्बही असतात. दिसायला दोन्ही सारखेच. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरात तो घातला की अगदी मंद मिणमिणतो आणि आपण वायरिंग शोधत बसतो.

९. पॅनेल बसवण्याआधी बॅटरी जोडून सगळे दिवे एकदा पहा. डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा असेल किंवा अर्थिंगची खात्री नसेल तर होल्डरपासून चेसीपर्यंत एक वेगळी वायर ओढून घट्ट स्क्रूखाली दाबा. मग पॅनेल लावा.

१०. बल्ब नवा घालूनही ऑईलचा लाल दिवा लागत नसेल, तर इंजिनावरच्या ऑईल स्विचची वायर काढून, चावी चालू ठेवून, ती इंजिनाच्या मोकळ्या लोखंडाला टेकवा. एका वायरीचा जो साधा स्विच असतो, त्यात असे केल्यावर दिवा लागला पाहिजे. लागला तर वायर ठीक, स्विच गेला. नाही लागला तर वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे. ती इलेक्ट्रिकवाल्याकडून शोधून घ्यावी.

एलईडी घालावा का?

हल्ली तरुण मंडळी एलईडीविषयी विचारतात. उजेडाच्या दिव्यांना एलईडी चांगला. तापत नाही, हादऱ्याला टिकतो. तो उलटा बसला तर लागत नाही, मग काढून फिरवून बसवा. पांढराफेक लावू नका. रात्रभर डोळ्यांवर मारतो आणि पुढचा रस्ता काळा दिसतो. मंद हिरवा बरा. परंतु चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी एलईडी घालू नका. वर सांगितल्याप्रमाणे अल्टरनेटरला जागे करायला त्या बल्बातून जो करंट जावा लागतो, तो एलईडीतून पुरेसा जात नाही. तिथे जुन्या पद्धतीचा तारेचा बल्बच हवा.

काय करू नये

फ्यूज उडाला म्हणून तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घालू नका. फ्यूज उडतो तो आपले वायरिंग वाचवण्यासाठी. बल्ब नाही म्हणून होल्डरच्या वायरी उघड्या लोंबत ठेवू नका. चालता लाल दिवा लागला तर 'पुढच्या गावात बघू' म्हणू नका. ऑईलचा लागला तर जागेवर इंजिन बंद. चार्जिंगचा लागला तर थांबून आधी पट्टा पहा. आणि तापलेल्या इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नका, त्यावर गार पाणीही ओतू नका. अंग भाजते आणि हेडला तडा जातो.

शेवटी माणसाविषयी

आता त्या रात्रीचे उरलेले सांगतो. इंजिन उघडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आबांबरोबर मी गॅरेजात गेलो होतो. मिस्त्रींनी डॅशबोर्डमधून काढलेले तीन काळे पडलेले बल्ब आबांच्या तळहातावर ठेवले. ज्वारीच्या दाण्याएवढे. आबा बराच वेळ त्याकडे बघत राहिले. त्या वेळी मात्र मी बोललो. म्हटले, "आबा, पोराने तुम्हाला दोनदा सांगितले होते. मला माझ्या ड्रायव्हरने तीनदा सांगितले होते. तुमचे इंजिन गेले, माझे वाचले, एवढाच काय तो फरक. अक्कल दोघांची सारखीच."

आबा हसले नाहीत. घरी गेल्यावर त्यांनी पोराला बोलावून घेतले आणि पगार पुरा हातावर ठेवला. ट्रॅक्टर बंद होता त्या सोळा दिवसांचासुद्धा. 'चूक माझी हुती' एवढे चार लोकांत म्हणाले. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला तेव्हा चावी फिरवायला त्याच पोराला बसवले. तो पोरगा याही हंगामात त्यांच्याकडेच आहे.

रात्रीच्या थंडीत, मागे टनावारी ऊस घेऊन, आपल्या मालासाठी जो माणूस जागतो, तो जेव्हा सांगतो की 'मालक, दिवा गेलाय', तेव्हा तो स्वतःसाठी काही मागत नसतो. तो आपले इंजिन आणि आपला ऊस वाचवायला बघत असतो. त्याचे त्याच दिवशी ऐकावे. ऐकले नाही, तर निदान नुकसान त्याच्या माथी मारू नये.

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. ते जरूर करावे. पण हार घालण्याआधी एकदा चावी अर्धी फिरवावी आणि दोन लाल दिवे मोजावेत. मग दिव्यांचा स्विच दाबून, ओंजळीने आडोसा करून, चारही घड्याळांचे काटे दिसतात का ते पहावे. त्यानंतर मागे जाऊन ट्रॉलीचा लाल दिवा पहावा. आणि टूल बॉक्सात बल्बांची एक जोडी, दोन फ्यूज आणि एक जादा फॅनबेल्ट टाकून ठेवावा. बॉयलर पेटण्याच्या आत एवढे झाले, तर हंगामातल्या बऱ्याच रात्री आपल्याला शांत झोप लागेल.

वाहतूक करणाऱ्या सभासदांपैकी ज्यांना दिवे तपासून हवे असतील, त्यांनी आपल्या गटाच्या शेती मदतनिसांना सांगावे. मी फेरीवर येईन तेव्हा बरोबर पाहू. जीपमध्ये पॉलिश पेपर आणि मल्टिमीटर ठेवलेला आहे. आणि माझ्या जीपचे चारही दिवे लागतात की नाही, हे कोणीही केव्हाही थांबवून पाहावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी